‘मारले’ या क्रियापदाचा भार : आत्मसंरक्षणानंतरचा जबाब आणि त्याची भाषा

१

प्राचीन शिलालेखांतील भोगवर्धन म्हणजेच आजचे भोकरदन, हे स्थलनाम भाषाभ्यासकांना परिचित आहे. सांची व भारहूत येथील दानलेखांत ज्या नगरीचे नाव आढळते, तिच्या परिसरात आज तालुक्याचे गाव, त्याभोवतीची शेते आणि शेतांतून विखुरलेल्या वस्त्या आहेत. अशाच एखाद्या वस्तीवरील एक प्रसंग विवेचनाच्या सोयीसाठी कल्पिला आहे. मध्यरात्र उलटली आहे. गोठ्याकडून आवाज येतो. घरधनी उठून दार उघडतो, तोच कोयता उगारलेला एक इसम त्याच्या अंगावर येतो. दाराआड सरपण फोडण्याची कुऱ्हाड टेकवलेली असते. ती हाती येते, घाव बसतो आणि आलेला माणूस अंगणातच कोसळतो. आरडाओरड ऐकून शेजारच्या वस्तीवरील माणसे कंदील घेऊन धावत येतात. घरधनी थरथरत उभा असतो. ‘काय झालं?’ या प्रश्नाला तो एवढेच उत्तर देतो : ‘म्या मारलं त्याला.’

प्रसंग कल्पित असला, तरी वाक्य कल्पित नाही. मराठी बोलणारा कोणीही माणूस अशा वेळी जवळजवळ हेच वाक्य उच्चारील. या तीन शब्दांचे पुढे काय होते, ते कोणाच्या कानी पडतात, कोणत्या कागदावर कोणत्या रूपाने उतरतात आणि त्यांचा अर्थ कोण ठरवतो, यांवर त्या माणसाच्या आयुष्याची पुढील कित्येक वर्षे अवलंबून असतात. सशस्त्र आत्मसंरक्षणाची चर्चा प्रायः हत्यार आणि हल्ला यांच्यापाशीच थांबते. प्रत्यक्षात हल्ला काही क्षणांचा असतो आणि त्यानंतरचा काळ वर्षांचा. हा काळ मुख्यतः शब्दांचा असतो : फिर्यादीचा, जबाबाचा, पंचनाम्याचा, उलटतपासणीचा आणि गावातल्या बोलण्याचा. म्हणून हा विषय विधिज्ञांइतकाच भाषाभ्यासकांचाही आहे.

२

प्रथम कायद्याची भूमिका थोडक्यात पाहणे इष्ट आहे. भारतीय दंडविधान १८६० साली संमत झाले आणि १ जानेवारी १८६२ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात अंमलात आले. भोकरदन त्या वेळी निजामाच्या राज्यात होते व तेथे हैदराबाद संस्थानाचे स्वतःचे दंडविधान चालत असे. संस्थानाच्या विलीनीकरणानंतर, १ एप्रिल १९५१ पासून, भारतीय दंडविधान या भागाला लागू झाले. भोकरदन १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आले. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातून तो तालुका नव्या जिल्ह्यात गेला. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली आहे. राज्ये आणि संहिता बदलल्या, तरी आत्मसंरक्षणाच्या हक्काचा गाभा मात्र फारसा बदललेला नाही. जुन्या विधानातील कलमे ९६ ते १०६ नव्या संहितेत ३४ ते ४४ या क्रमांकांनी आली आहेत.

या कलमांचा आशय असा : स्वतःच्या वा दुसऱ्याच्या शरीराचे, तसेच मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क प्रत्येकास आहे आणि त्या हक्काच्या वापरात केलेली कृती अपराध ठरत नाही. परंतु हा हक्क अमर्याद नाही. शासकीय यंत्रणेचे साहाय्य घेण्यास वेळ असेल तर तो उपलब्ध होत नाही, आणि बचावासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा त्यात नाही. हल्लेखोराचा मृत्यू घडवून आणण्यापर्यंत हा हक्क केव्हा पोहोचतो, हेही संहितेने सांगितले आहे. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती निर्माण करणारा हल्ला, बलात्काराच्या किंवा अपहरणाच्या उद्देशाने केलेला हल्ला, अम्ल फेकण्याचा प्रयत्न इत्यादी प्रसंग शरीरासंबंधी आहेत. दरोडेखोरी व जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे इत्यादी प्रसंग मालमत्तेसंबंधी आहेत. केवळ साध्या चोरीसाठी मात्र कोणाचा प्राण घेता येत नाही. हक्काची मर्यादा सद्भावनेने, पूर्वनियोजन नसताना ओलांडली गेली, तर ती कृती खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकते.

‘वाजवी भीती’ हा या सर्व विवेचनातील मध्यवर्ती शब्दप्रयोग होय. ती भीती कोणाच्या नजरेने मोजायची, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली अमजद खान खटल्यात दिले. कटनी येथे १९५० च्या मार्चमध्ये दंगल उसळली असता लुटालूट करणारा जमाव एका व्यापाऱ्याच्या दुकानाची दारे लाठ्यांनी ठोकू लागला. व्यापाऱ्याने बंदुकीच्या दोन गोळ्या झाडल्या. एक मनुष्य ठार झाला व तिघे जखमी झाले. नागपूर उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या त्या व्यापाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने मुक्त केले. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे स्वतः पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जमाव आत घुसेपर्यंत त्या व्यापाऱ्याने वाट पाहावयास हवी होती, असे म्हणता येणार नाही, आणि अशा क्षणी केलेली कृती सोने तोलण्याच्या काट्यावर तोलता येत नाही, हे त्या निकालाचे सार आहे.

दुसरी बाजू १९६२ साली जयदेव खटल्यात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी स्पष्ट केली. धोका संपला की हक्कही संपतो. हल्लेखोर पाठ फिरवून पळू लागले असतील, तर त्यांच्यावर केलेला प्रहार संरक्षण ठरत नाही. इंग्लंडमधील नॉर्फक परगण्यात १९९९ साली टोनी मार्टिन नावाच्या शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या चोरांवर बंदूक झाडली. एक सोळा वर्षांचा मुलगा पाठीत गोळी लागून मेला. त्या खटल्यात ज्यूरीने शेतकऱ्याला खुनाचा दोषी ठरविले. पुढे अपिलात, मानसिक विकाराच्या कारणावरून, तो दोष मनुष्यवधापर्यंत खाली आला आणि तो २००३ साली सुटला. देश व कायदा भिन्न असूनही प्रश्न तोच होता : घाव बसला त्या क्षणी समोरच्याचे तोंड कोणीकडे होते? शरीरावरील जखम याचे एक उत्तर देते आणि जबाबातील वाक्यरचना दुसरे. ही दोन उत्तरे एकमेकांशी जुळावी लागतात.

३

आता ‘म्या मारलं त्याला’ या वाक्याकडे वळू. ‘म्या’ हे ‘मी’ या सर्वनामाचे जुने तृतीयेचे रूप ग्रामीण बोलींत टिकून आहे. प्रमाण मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर तृतीय पुरुषी कर्ता ‘त्याने’ असे रूप घेतो, परंतु प्रथम पुरुषी ‘मी’ तसाच राहतो. बोलीने मात्र कर्तृत्वाची खूण जपली आहे. म्हणजे बोलणारा आपले कर्तृत्व लपवीत नाही, उलट व्याकरणातूनच ते कबूल करतो. खरी अडचण सर्वनामात नसून क्रियापदात आहे.

‘मरणे’ या अकर्मक धातूपासून स्वर दीर्घ होऊन ‘मारणे’ हा प्रयोजक धातू सिद्ध होतो, आणि त्याचा व्युत्पत्त्यर्थ ‘मरण आणणे’ असाच आहे. परंतु भाषेच्या प्रवाहात या धातूला ‘प्रहार करणे’ हा दुसरा अर्थ प्राप्त झाला आणि आज तोच अधिक रूढ आहे. मास्तरांनी मुलाला मारले, म्हणजे मूल मेले असे कोणी समजत नाही. ‘साप मारला’ यात मात्र मृत्यू अभिप्रेत आहे. येथे कर्माचे रूप प्रायः अर्थाचे दिग्दर्शन करते. कर्म प्रत्ययरहित असेल व क्रियापद त्याच्याशी जुळत असेल, तर ‘ठार करणे’ हा अर्थ बळावतो. कर्माला ‘ला’ प्रत्यय लागला की दोन्ही अर्थ संभवतात. ‘चोर मारला’ आणि ‘चोराला मारले’ यांत हाच भेद आहे. तेव्हा ‘म्या मारलं त्याला’ या वाक्यातून ‘मी त्याच्यावर घाव घातला’ आणि ‘मी त्याचा जीव घेतला’ असे दोन्ही अर्थ निघतात. बोलणाऱ्याला पहिला अर्थ अभिप्रेत असू शकतो. ऐकणारा समोर प्रेत पाहत असतो, त्यामुळे त्याला दुसराच अर्थ स्वाभाविक वाटतो.

भाषेला ही संदिग्धता जाणवत नाही असे नाही. म्हणूनच बोलीत निव्वळ प्रहारासाठी ‘हाणणे’ हा धातू आहे, आणि दप्तरी मराठीने ‘मारहाण’, ‘जिवे मारणे’, ‘ठार मारणे’, क्वचित दोन्ही एकत्र करून ‘जिवे ठार मारणे’ असे जोडप्रयोग घडवले आहेत. फिर्यादींत वारंवार आढळणारे ‘जिवे ठार मारण्याची धमकी’ हे शब्द अडाणीपणाचे वा पाल्हाळाचे द्योतक नव्हेत. क्रियापदातील द्व्यर्थ टाळण्याची ती एक तजवीज आहे. परंतु तिच्यात धोकाही आहे. ‘हाणलं’ या बोलीतील शब्दाचे लेखनिकाच्या हाती ‘वार करून जिवे ठार मारले’ असे रूपांतर झाले, की कृती आणि परिणाम यांच्याबरोबर हेतूही त्या कागदावर येऊन बसतो. तो हेतू बोलणाऱ्याने सांगितलेला नसतो. दप्तराच्या साच्याने तो पुरवलेला असतो.

सहायक क्रियापदांचा प्रांत तर याहून सूक्ष्म आहे. ‘मारले’ यात केवळ घटना आहे. ‘मारून टाकले’ यात निकाल लावल्याचा, काम पुरे केल्याचा भाव आहे. ‘मारून बसला’ यात करू नये ते केल्याची खंत आहे. ‘मारावे लागले’ यात दुसरा उपाय नव्हता, असा निर्वाळा आहे. कायद्याच्या दृष्टीने यांतील शेवटची रचना आत्मसंरक्षणाला सर्वांत जवळची होय. आवश्यकता हा त्या हक्काचा प्राण आहे आणि मराठीत आवश्यकता ‘लागणे’ या क्रियापदाने व्यक्त होते. परंतु गांगरलेला मनुष्य क्रियापदांची निवड करीत बसत नाही. ‘मारून टाकलं’ हे त्याच्या तोंडून पुष्कळदा केवळ सवयीने येते. जसे तो ‘जेवून टाकलं’ म्हणतो, तसेच हेही. त्याच्या एका ‘टाकलं’वर हेतूचा डोलारा उभारणे भाषाशास्त्रदृष्ट्या निराधार आहे.

याच्या उलट टोकाचा प्रयोग म्हणजे ‘माझ्या हातून खून झाला’. शिष्ट व ग्रामीण दोन्ही मराठीत तो रूढ आहे आणि त्यात दुहेरी अनर्थ आहे. ‘खून’ हा फार्सीतून आलेला शब्द, त्याचा मूळ अर्थ रक्त. बोलण्यात तो कोणत्याही हिंसक मृत्यूला लावला जातो. कायद्यात मात्र त्याला नेमकी व्याख्या आहे, आणि आत्मसंरक्षणार्थ घडवलेला मृत्यू त्या व्याख्येत मुळीच बसत नाही. म्हणजे बोलणारा स्वतःवर असा आरोप ठेवतो, जो सिद्ध करण्याची जबाबदारी वस्तुतः सरकार पक्षाची आहे. दुसरे असे की ‘हातून झाले’ ही रचना कर्तृत्व नाकारते. तिच्यातून अपघात सूचित होतो. अपघात आणि आत्मसंरक्षण हे कायद्यात दोन वेगळे बचाव आहेत. अपघातात ‘मला ते करावयाचे नव्हते’ असे म्हणणे असते. आत्मसंरक्षणात ‘मी ते केले, कारण करणे भाग होते’ असे. पश्चात्तापाची भाषा पहिल्याकडे ओढते आणि हक्काची भाषा दुसऱ्याकडे. सज्जन माणसाच्या तोंडी पश्चात्तापाची भाषा आधी येते, आणि पुढे वकिलाने हक्काची भाषा मांडली की उलटतपासणीत दोहोंतील विसंगती दाखवली जाते.

शेवटी ‘ऊन’ प्रत्ययान्त धातुसाधिताचा विचार केला पाहिजे. दप्तरी मराठीला त्याची विशेष आवड आहे : ‘आरोपीने कुऱ्हाड घेऊन, घराबाहेर येऊन, मयताच्या डोक्यात वार करून…’ या रचनेत सर्व क्रिया एका कर्त्याच्या दोरीत ओवल्या जातात आणि शेवटच्या क्रियेकडे धावत असल्यासारख्या भासतात. कुऱ्हाड मुळातच दाराशी होती, दार आवाजामुळे उघडले, समोरचा मनुष्य कोयता उगारून पुढे आला, या मधल्या घटनांचे कर्ते भिन्न आहेत. ‘ऊन’ प्रत्ययाच्या रचनेत सामान्यतः कर्ता एकच असावा लागतो. त्यामुळे दुसऱ्याच्या क्रियांना तेथे जागाच उरत नाही. हल्लेखोराची कृती वाक्यातून गळून पडते, ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, तर व्याकरणाच्या सोयीने. आत्मसंरक्षणाचा संपूर्ण बचाव ‘तो आधी आला, मग मी मारले’ या क्रमावर उभा असल्याने या सोयीची किंमत फार मोठी आहे. तेच कथन ‘आला’, ‘उगारला’, ‘घातला’ अशा पूर्ण क्रियापदांच्या स्वतंत्र वाक्यांत लिहिले, तर प्रत्येक क्रियेचा कर्ता आपल्या जागी राहतो.

४

हे शब्द कोणापुढे उच्चारले गेले, यावरही बरेच अवलंबून असते. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा भारतीय पुराव्याच्या कायद्याचा जुना नियम आहे व भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तो कायम आहे. आरोपीने स्वतः ठाण्यात जाऊन दिलेली कबुलीवजा खबरही याच नियमात येते, असे सर्वोच्च न्यायालयाने अघनू नागेसिया खटल्यात १९६५ साली ठरविले. त्या कबुलीतून एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्याशी निगडित भाग मात्र पुराव्यात येतो. ‘कुऱ्हाड ठेवलेली जागा दाखवतो’ या निवेदनाचा पंचनामा त्याचसाठी होत असतो.

शेजाऱ्यांपुढे काढलेल्या उद्गारांना मात्र हे संरक्षण नाही. न्यायालयाबाहेरील कबुली म्हणून ते पुराव्यात येऊ शकतात, जरी असा पुरावा न्यायालये दुबळा मानतात. म्हणजे ज्या ठिकाणी माणूस सर्वांत सावध असतो तेथे कायदा त्याला जपतो, आणि ज्या ठिकाणी तो सर्वांत मोकळा असतो तेथे नाही. याची भरपाई करणारी एक तरतूदही आहे. घटनेच्या ओघात, तिच्याशी एकजीव होऊन आलेला उद्गार स्वतंत्रपणे ग्राह्य असतो. ‘कोयता घेऊन अंगावर आला, धावा!’ ही हाक शेजाऱ्याने ऐकली असेल, तर ती आरोपीच्याच बाजूने बोलते.

यावरून प्रसंगानंतरच्या वर्तनाचे काही नियम आपोआप निष्पन्न होतात. जखमीला, मग तो हल्लेखोर का असेना, वैद्यकीय साहाय्य मिळावे यासाठी आणि पोलिसांना वर्दी देण्यासाठी ११२ या क्रमांकावर ताबडतोब संपर्क साधणे, हा पहिला नियम. तो माणुसकीचा तर आहेच, शिवाय कृती रक्षणापुरती होती, सूडाची नव्हती, हे त्या वर्तनातूनच दिसते. दुसरा नियम जागेला हात न लावण्याचा. कोयता, कुऱ्हाड, उघडे दार, रक्ताचे डाग ज्या स्थितीत असतील त्याच स्थितीत पंचनाम्यात नोंदले गेले पाहिजेत, कारण घरधन्याच्या वतीने बोलणारे तेच साक्षीदार असतात. अंगण धुणे वा कुऱ्हाड विहिरीत टाकणे हे भीतीने घडते, पण न्यायालयात ते अपराधी मनाचे लक्षण म्हणून पुढे येते. बंदूक परवान्याची असली तरी ती मुद्देमाल म्हणून जप्त होते. तिचा ताबा आणि परवान्याचे भवितव्य हे पुढचे, निराळे प्रश्न असतात.

तिसरा नियम स्वतःच्या जखमांविषयी आहे. हाताला लागलेला कोयत्याचा ओरखडा भावनेच्या भरात क्षुल्लक वाटतो, परंतु त्याची वैद्यकीय नोंद अमूल्य असते. अटकेनंतर लवकरात लवकर वैद्यकीय तपासणी करून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ मध्ये आहे. आरोपीच्या अंगावरील गंभीर जखमांचा सरकार पक्षाने खुलासा केला नाही, तर त्याच्या कथनाविषयीच शंका निर्माण होते, असे लक्ष्मी सिंग खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे.

चौथा नियम बोलण्याचा, किंवा खरे म्हणजे बोलण्याच्या मर्यादेचा. कोण आला, काय उगारले, आपण काय केले, एवढे थोडक्यात व खरे सांगावे आणि सविस्तर निवेदन वकिलाचा सल्ला घेऊन द्यावे. आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आणि अटकेपासून चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाण्याचा हक्क संविधानाच्या २२व्या अनुच्छेदात आहे. वकील देण्याची ऐपत नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली स्थापन झालेल्या समित्यांकडून विनामूल्य साहाय्य मिळते. खबर लिहून झाल्यावर ती खबर देणाऱ्यास वाचून दाखविणे व तिची प्रत विनामूल्य देणे कायद्याने आवश्यक आहे. ते वाचन ही औपचारिकता नव्हे. ‘हाणलं’चे ‘ठार मारले’ झाले आहे काय, हे तपासण्याची ती पहिली आणि सर्वांत स्वस्त संधी आहे.

खटल्यात आत्मसंरक्षणाचा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. परंतु तो भार सरकार पक्षाच्या भाराइतका जड नाही. आपले कथन अधिक संभाव्य आहे, एवढे दाखविणे पुरे होते, आणि त्यासाठी सरकार पक्षाच्या साक्षीदारांच्या उत्तरांचाही आधार घेता येतो. मुन्शीराम खटल्यात १९६७ साली न्यायालय याहून पुढे गेले. आरोपीने आत्मसंरक्षणाचे नाव घेतले नसले, तरी पुराव्यातून तसे दिसत असल्यास न्यायालयाने त्याचा विचार केला पाहिजे. ज्याला ‘आत्मसंरक्षण’ हा शब्दच ठाऊक नाही, जो केवळ ‘म्या मारलं’ म्हणतो, त्याच्यासाठी या निर्णयाचे मोल फार आहे. न्यायालयाने स्वतः आरोपीची विचारपूस करावयाची आणि तिची नोंद शक्यतो ज्या भाषेत ती झाली त्याच भाषेत ठेवावयाची, ही तरतूदही याच दिशेची आहे. महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्याचे शासनाने १९९८ साली अधिसूचित केले. दप्तराची मराठी आणि घरधन्याची मराठी यांतील अंतर मात्र अधिसूचनेने नाहीसे होत नाही.

५

स्मृतीचा प्रश्नही भाषेपासून वेगळा काढता येत नाही. प्राणभयाच्या क्षणी लक्ष हत्यारावर खिळते आणि चेहरा, अंतर, वेळ यांची नोंद अंधुक राहते. एलिझाबेथ लॉफ्टस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रयोगांद्वारे दाखविले की हत्यार समोर असताना पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरच अधिक काळ राहते व इतर तपशिलांची आठवण उणावते. यास्तव पहिल्या रात्री दिलेल्या निवेदनात उणिवा असणे स्वाभाविक आहे. काही तपशील दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आठवतात. परंतु न्यायालयीन परिभाषेत नंतर आलेल्या तपशिलाला ‘सुधारणा’ म्हणतात, आणि सामान्य मराठीत गुणवाचक असलेला हा शब्द तेथे संशयवाचक होतो. आठवत नाही ते ‘आठवत नाही’ असे म्हणणे म्हणूनच अंदाजाने उत्तर देण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते. ‘तो किती हातांवर होता?’ या प्रश्नाला घाईने दिलेले ‘असंल धा हात’ हे उत्तर पुढे वर्षानुवर्षे पाठलाग करू शकते.

आणि ही वर्षे थोडी नसतात. आत्मसंरक्षणाच्या तत्त्वांचे दहा कलमांत सार सांगणारा दर्शन सिंग खटल्याचा निकाल २०१० च्या जानेवारीत लागला, तेव्हा मूळ घटनेला अठरा वर्षे उलटून गेली होती. वडिलांवर हल्ला झाला असता बंदूक झाडणाऱ्या त्या मनुष्याला सत्र न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने दोषी धरले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. निर्दोष सुटणे हा एकच क्षण नसून त्यालाही चढउतार असतात. या काळात शेती चालू राहावी लागते, जामिनाच्या अटी पाळाव्या लागतात, तारखांना हजर राहावे लागते. भोकरदनच्या माणसाला सत्र न्यायालयासाठी जालना आणि उच्च न्यायालयासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते.

मनावरचा भार याहून अव्यक्त असतो. झोप न येणे, तोच आवाज पुन्हा ऐकू येणे, गोठ्याकडे रात्री पाऊल न पडणे, घरातील माणसांवर विनाकारण चिडणे, ही लक्षणे दुर्बलतेची नव्हेत. मनाला झालेल्या आघाताची ती परिचित चिन्हे आहेत व त्यांवर उपचार आहेत. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून मराठीतूनही सल्ला मिळतो. परंतु हा मनुष्य तिकडे क्वचितच वळतो, कारण त्याच्यापाशी आपल्या स्थितीला नाव नसते. मराठीत ‘दुःख’ हे मरण पावलेल्याच्या आप्तांचे, ‘पश्चात्ताप’ हा पाप्याचा, ‘भीती’ ही भित्र्याची मानली जाते. ज्याने योग्य ते केले आणि तरीही जो आतून मोडला, त्याच्यासाठी रूढ भाषेत शब्द सापडत नाही. गाव त्याला एकतर ‘मर्दाचं काम केलं’ म्हणते, नाहीतर त्याच्या घरी जाणे टाळते. दोन्ही प्रतिसादांत त्याला बोलू देण्याची सोय नाही. गावाने संघटितपणे संबंध तोडले, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली केलेला कायदा त्याच्या साहाय्यास येऊ शकतो. मूकपणे तुटलेल्या संबंधांवर मात्र कायद्याचा इलाज नाही. मृताच्या घरीही आई असते, लेकरे असतात, हे या माणसाला इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते. न्यायालयात विरुद्ध बाजूंना उभी असलेली ही दोन घरे आठवड्याच्या बाजारी एकाच रस्त्याने जातात.

खटल्याच्या शेवटी न्यायालय ‘निर्दोष मुक्तता’ असे शब्द लिहिते. गाव मात्र ‘सुटला’ म्हणते. ‘सुटणे’ हे क्रियापद दाव्याची गाठ सुटलेल्या जनावराला लागते, सापळ्यातून निसटलेल्या चोराला लागते, आणि ज्याचा मुळी अपराधच नव्हता अशा माणसालाही लागते. ज्या भाषेने ‘मारले’मध्ये घाव आणि मृत्यू एकत्र ठेवले, तिनेच ‘सुटला’मध्ये निर्दोष आणि निसटलेला यांना एकत्र ठेवले आहे. अशा द्व्यर्थांवाचून कोणतीही जिवंत भाषा चालत नाही, म्हणून भाषेला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु जे जबाब लिहून घेतात, जे वाचून दाखवतात, जे त्यांचा अनुवाद व अर्थनिर्णय करतात, त्यांना या द्व्यर्थाची जाणीव असणे हा न्यायाचाच भाग आहे. फिर्यादी, जबाब व पंचनामे यांच्या मराठीचा प्रदेशवार, बोलीवार अभ्यास झाला, तर त्याचा उपयोग केवळ कोशकारांना होणार नाही. मध्यरात्री अंगणात उभे राहून ‘म्या मारलं त्याला’ असे म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावयाचे होते, हे त्याच्या शब्दांत कळण्याची शक्यता त्याने वाढेल.